बेटाचं तिकीट

पुण्याच्या माझ्या नणंदेला मी एकदा सांगितलं, की आमच्या पूर्णा नदीत एक बेट आहे. ती म्हणाली, "अगं, बेटाला आधी सगळीकडून पाणी लागतं." तिचं अगदीच चूक नाही. उन्हाळ्यात आमची नदी शोधावी लागते. पण बेटाच्या अलीकडे एक डोह आहे, तो आटलेला कोणी पाहिला नाही. पलीकडे गुडघाभर चिखल, त्यात उतरलेली म्हैस बाहेर काढायला अर्धं गाव लागतं. तेव्हा बेट ते बेटच. आणि समुद्राचं म्हणाल तर आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. विहिरीचं पाणी इतकं खारट, की आमच्याकडच्या चहाला पाहुणा पहिला घोट घेतो आणि गप्प होतो. समुद्राचं मीठ आम्हाला मिळालं, समुद्र तेवढा राहून गेला.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर लोक मोबाइल घेऊन बेट बघायला येतील, आणि गुलाबभाऊंना ते आवडणार नाही.

गुलाबभाऊ एसटीत कंडक्टर होते. मी त्या गावच्या शाळेत शिक्षिका, अकोल्याहून येऊन-जाऊन गावचीच झालेली. अकोल्याहून सकाळी निघणारी गाडी त्यांची, त्यामुळे माझी नोकरी शाळेत कमी आणि त्यांच्या गाडीत जास्त झाली असं मला कधीकधी वाटतं. अंगाने किरकोळ, आवाज मात्र गाडीच्या टपावर बसलेल्यालाही ऐकू जाईल असा. हातातला तिकिटाचा पंच सारखा वाजत असायचा. पुढे तिकिटाचं मशीन आलं, पंचाचं काम संपलं, तरी तो त्यांच्या खिशात राहिलाच. बोलताना वाक्याच्या शेवटी ते पूर्णविराम द्यावा तसा पंच दाबायचे.

त्यांच्या गाडीत नुसतं तिकीट काढून भागत नसे. कुठे चाललात, कशाला चाललात, परत कधी येणार, सगळं सांगावं लागे. दवाखान्यात निघालेल्याला कोणत्या डॉक्टरकडे जा आणि कोणाकडे जाऊ नका हे तिकिटाबरोबरच मिळायचं. एका नवरा-बायकोचं भांडण ऐकून त्यांनी गाडी थांबवायची बेल मारली होती आणि म्हणाले होते, "आधी बोलणं करा तुमी, मंग गाडी जाईन." दोघं घाबरून हसली, मग गाडी निघाली.

शेवटचा थांबा आला, की सगळे उतरेपर्यंत ते दारात उभे राहत. मग प्रत्येक बाकाखाली वाकून बघत आणि रिकाम्या गाडीत मोठ्याने विचारत, "काही राह्यलं काय कोणाचं?" छत्र्या सापडत, डबे सापडत. एकदा एक आजी सापडली, झोपलेली. तिलाही त्यांनी तिच्या लेकीच्या घरी नेऊन पोचवलं आणि वर लेकीला झापलं.

असा माणूस रिटायर झाला म्हणजे काय होईल याची गावाने धास्तीच घेतली होती. दोन-चार महिने त्यांनी बायकोला, म्हणजे कौसाकाकूंना, स्वयंपाक शिकवायचा प्रयत्न केला. काकूंनी त्यांना घराबाहेर काढलं. ते थेट नदीवर गेले.

बेटाशी त्यांचं नातं जुनं. त्यांची आई बेटाच्या वाळूत डांगरवाडी करायची, म्हणजे टरबूज, खरबूज, काकड्या. त्या वाडीतल्या खोपीतच गुलाबभाऊ जन्मले. "माहा डेपो थोच," असं ते सांगत. बेटावर चिंचेची जुनी झाडं आहेत, त्यांवर बगळे अंगणात धुणं वाळत घातल्यासारखे बसलेले असतात. काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आहे, किती जुनं ते कोणालाच माहीत नाही. आणि वरच्या अंगाला, जिथे नदी बेटावर येऊन आदळते, तिथे वाळूचं एक टोक होतं. त्याला सगळे बेटाचं नाक म्हणत. टिटव्या आणि नदीवरचे सुरय पक्षी उन्हाळ्यात तिथे उघड्यावर अंडी घालतात.

नदीच्या वरच्या बाजूने वाळूचे ट्रक भरून जाऊ लागले तशी नदीची चाल बिघडली. दर पुरात ती नाकाचा एक घास घेऊ लागली. नाक गेलं की देऊळ जाणार, देऊळ गेलं की चिंचा जाणार, हे शाळेतल्या पोरांनाही दिसत होतं. गावाने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एक इंजिनियर येऊन गेले. फार मोठी भिंत लागेल म्हणाले, आमचा चहा प्यायले आणि पुन्हा आले नाहीत.

गुलाबभाऊ आठवडाभर काठावर बसून राहिले. मग एका सोमवारी देवळात जायला निघालेल्या बायांपुढे आडवे उभे राहिले आणि पंच वाजवून म्हणाले, "तिकीट."

बायांना कळेना. महादेवाच्या दर्शनाला कसलं तिकीट?

"एक दगड. जो बेटावर जाईन त्यानं एक दगड न्यायचा, नाकावर ठेवायचा. दगड नाई तं गाडी नाई."

आता हे ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या भागात दगड मिळत नाही. कितीही खोल खणा, काळी मातीच निघते. भुंकणाऱ्या कुत्र्यावर उगारायला दगड नसतो, म्हणून आमच्या गावची कुत्री इतकी उद्धट आहेत. अशा गावात दगडाचं तिकीट लावणं म्हणजे नणंदेकडून हापूस मागवण्यासारखं होतं. पण गुलाबभाऊंनी लावलं, आणि गाडीही सुरू केली.

गाडी म्हणजे सुखदेव भोयाचा डोंगा, लहानशी लाकडी नाव. त्यात गुलाबभाऊंनी बैलाच्या गळ्यातली घंटी टांगली आणि तिला दोरी बांधली. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सुखदेव जन्मभर कोणाच्या घंटीवर चालला नव्हता. तो म्हणे, "माहा डोंगा, माही नदी, अन् घंटी याची." रोज भांडण व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी सुखदेव दोन टोले पडेपर्यंत वल्ह्याला हात लावायचा नाही. भर डोहात एखाद्याची पिशवी रिकामी निघाली तर गुलाबभाऊ एक टोला मारून डोंगा थांबवत आणि त्या माणसाला शांतपणे विचारत, "पोहता येते काय तुमाले?"

त्यांना स्वतःला येत नव्हतं. पाण्याची त्यांना भयंकर भीती. डोंग्यात पाय ठेवण्याआधी ते कमरेला ट्रकची फुगवलेली ट्यूब चढवत, त्यावरून खाकी शर्ट घालत, आणि मग तोंड बेटाकडे असो की गावाकडे, त्यांचा रुबाब डेपो मॅनेजरचा.

दगड नाकावर ठेवला की ते डब्यातल्या लाल ऑइलपेंटचा एक ठिपका त्यावर लावत. हे पंचिंग. कारण पहिल्याच महिन्यात गावाने हुशारी केली होती. येताना तोच दगड सदऱ्याखाली लपवून परत आणायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा न्यायचा. एक पाटा-वरवंट्यातला वरवंटा तर इतक्या वेळा बेटावर जाऊन आला, की सुखदेव त्याला नावाने ओळखायचा.

ठिपका आल्यावर मात्र लोक खरोखर दगड आणू लागले. तेल्हाऱ्याकडे सोयरिकीला गेलेले लोक सातपुड्याच्या पायथ्याचे दगड घेऊन येत. वरूडच्या संत्र्यांच्या ट्रकमधून, पेट्यांच्या मागे, दगड येत. मी पोरांची सहल सेमाडोहला नेली. वाघ दिसला नाही, पण परतताना सगळ्यांची दप्तरं जड. नाक्यावर वनरक्षकाने एकूण एक दगड उतरवून घेतला आणि मला चार शब्द सुनावले. गुलाबभाऊ माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "त्याचं बराबर हाय बाई. थे त्याचं बेट हाय."

लग्नात तर गंमत व्हायची. आमच्या गावात मुलगी देणाऱ्यांना आधीच निरोप जाई, आणि रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी हळदकुंकू लावलेला एक दगड मांडलेला असे. नव्या नवरीने माहेरचा दगड पहिल्या सोमवारी नाकावर ठेवायचा. पुढे नवऱ्याशी भांडली की ती माहेरी न जाता बेटावर जाऊन आपल्या दगडावर बसे. नवऱ्याला तिला आणायला जावं लागे, आणि जाताना त्यालाही दगड द्यावा लागे. गुलाबभाऊ भांडणाऱ्या जोडप्यांवर फार खूश असत.

फक्त एका माणसाने बेटावर कधी दगड नेला नाही. ते स्वतः. कोणी विचारलं की पंच वाजवून म्हणत, "मी स्टाफ."

यावरून कौसाकाकू त्यांना भर चौकात सोलून काढत. काकूंचा पाटा त्यांच्या माहेरचा, तेल्हाऱ्याकडचा, लग्नात त्यांच्याबरोबर आलेला. मिरची-लसूण वाटून वाटून मधे खोलगट झालेला. गावातले धुण्याचे दगड एकेक करून बेटावर जाऊ लागले तेव्हा काकूंनी पाट्यावर रात्रीही पातेलं उपडं घालून ठेवायला सुरुवात केली. "माह्या पाट्यावर डोया हाय यायचा," त्या मला सांगत. "बेट राहो का जावो, पाटा माह्या घरातून हालनार नाई. साऱ्या गावाले दगड मांगते, अन् सोताचा कुठी हाय, इचारा बाई त्याईले."

विचारलं. ते म्हणाले, "स्टाफ."

हे सगळं चाललं असताना गुलाबभाऊंच्या हातून जी चूक झाली, ती आमच्या गावाशिवाय दुसरीकडे झाली नसती.

एका पुरानंतर नाकाच्या अगदी टोकाला त्यांना एक उभट दगड दिसला. अर्धा गाळात, अर्धा वर. त्यावर ठिपका नव्हता. पुराने वाळू नेली तेव्हा खालून उघडा पडला असावा, पण ते त्यांना कसं सुचावं? त्यांना वाटलं, कोणीतरी चुकवून ठेवला. विनातिकीट प्रवासी सापडला, की कंडक्टर जसा चिडतो तसे ते चिडले आणि त्या दगडावर ठिपक्याऐवजी चांगला तळहाताएवढा लाल रंग फासला.

पुढच्या सोमवारी बायांनी पाहिलं. काळा उभा दगड, त्यावर ताजा शेंदरी लाल रंग. एकीने हात जोडले. दुसरीने हळदकुंकू वाहिलं. तिसरीने नारळ फोडला. महिन्याभरात तो देव नवसाला पावू लागला.

आजूबाजूच्या गावांतून माणसं यायला लागली. बंडू नावाच्या एका खटपटी माणसाने बेटावरच नारळाचं दुकान टाकलं आणि देवावर टिनाचं छप्पर घालायचं, सिमेंटच्या पायऱ्या करायच्या, भोंगा लावायचा असं जाहीर केलं. लोक नाकावरून चालत, तिथेच नारळ फोडत, तिथेच बसून जेवत. दर उन्हाळ्यात पक्ष्यांच्या अंड्यांसाठी आम्ही नाकावर जाणं बंद ठेवायचो, त्या उन्हाळ्यात कोणाला थांबवणार? टिटव्या डोक्यावर ओरडत राहिल्या आणि त्यांची अंडी पायाखाली जात राहिली. पायांनी दगडही निसटू लागले.

गुलाबभाऊंचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. मी शाळेतून येताना मला थांबवून म्हणाले, "बाई, नदीनं नाई खाल्लं तेवढं म्या खाल्लं." पंचही वाजवला नाही.

मग त्यांनी खरं सांगायचं ठरवलं. सोमवारच्या गर्दीत, ट्यूब कमरेला तशीच, डोंग्यातून उतरून त्यांनी मोठ्याने सांगितलं, की हा देव नाही, हा रंग माझ्या डब्यातला आहे, मीच फासला. माणसं शांतपणे ऐकत होती. मग एक म्हातारी पुढे आली आणि त्यांच्या पाया पडली. "तुमाले बुद्धी कोनं देल्ली? त्यानंच ना?" तिच्यामागे रांग लागली. बंडूही रांगेत होता. कौसाकाकू चिंचेखाली बसून पदर तोंडात कोंबून हसत होत्या. देव व्हायचं तेवढं राहिलं, बाकी गुलाबभाऊ त्या दिवशी सगळं झाले.

पण मागे हटतील ते कंडक्टर कसले. पाया पडणारे संपल्यावर त्यांनी खिशातून पंच काढला, देवासमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तिकीट?"

त्यांनी पंच वाजवला.

"या बेटावर बिनातिकीट कोणी नाई राहात. आमदार येवो का खासदार. बोला देवा, तिकीट हाय?"

"देवाले तिकीट मांगते काय कोणी?" बंडू ओरडला. चार-पाच माणसं त्याच्या बाजूने सरकली. मला खरोखर भीती वाटली, कारण देवाच्या बाबतीत आमच्याकडे हसता हसता हात उठायला वेळ लागत नाही.

तेव्हा कौसाकाकू उठल्या. हसू पुसून पुढे आल्या आणि नवऱ्याकडे न बघता म्हाताऱ्या बायांशी बोलल्या. "मी काय म्हन्तो, देव हाय तं हाय. पण दर बारीले डोंग्यात चढा लागते, गुडघे जातात. अलीकडं काठावर निंबाची सावली हाय. तिथं बसवलं तं रोज दर्शन होईन. पावसाळ्यात काय करान? पूर आला म्हंजे देव एकटाच राहीन इथं."

म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. देव पुरात एकटा राहील हे कोणालाच सोसवेना. बंडूनेही मनात हिशेब केला असावा. काठावर रस्ता होता, रस्त्यावर गाड्या होत्या, आणि नारळ डोंग्यातून वाहून न्यायची कटकट नव्हती. त्याने एकदम हात जोडले आणि सगळ्यांच्या आधी देवाचा जयजयकार केला.

देवाला उचलून डोंग्यात ठेवलं. सुखदेवाने वल्हं हातात घेतलं. गुलाबभाऊ डोंग्यात चढले, आणि मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी आपल्या कमरेची ट्यूब काढली आणि देवाच्या गळ्यात घातली.

"काहून?" सुखदेवाने विचारलं.

"मले नाई येत पोहता, हे मले मालूम हाय. त्याचं काय मालूम?"

डोह ओलांडेपर्यंत ते डोळे मिटून दोरी घट्ट धरून बसले होते. डोंगा जराही डगमगला नाही. देवाला जाणं मान्य आहे असं सगळ्यांनी ठरवलं. तो देव आता निंबाखाली आहे, आणि लोक त्याला कंडक्टरबाबा म्हणतात. गुलाबभाऊ तिथून जाताना मान खाली घालून जात.

देव उचलला तिथे, नाकाच्या टोकाला, एक खड्डा राहिला. पाणी नेमकं तिथेच धडकायचं. त्यात दगड घालायला लोक पुढे झाले, पण गुलाबभाऊ कोणाला घालू देईनात. "थे सीट रिझर्व्ह हाय," म्हणत. कोणासाठी, ते सांगत नसत. आम्हाला वाटायचं, चुकीची आठवण म्हणून ठेवली असेल. बाकीच्या दगडांत गाळ साचला, गवत धरलं. पुढच्या पुरांमध्ये नाक थोडं झिजलं, पण गेलं नाही, आणि टिटव्या परत आल्या. उन्हाळ्यात नाक बंद असतं, तेव्हा बंडू स्वतः काठावर उभा राहून लोकांना अडवू लागला. देव अलीकडे आल्यापासून त्याचं दुकान जोरात होतं आणि बेटावर त्याची श्रद्धा बसली होती.

गेल्या हिवाळ्यात कौसाकाकू गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. त्यानंतर गुलाबभाऊंचा आवाज बसला तो बसलाच, गुडघ्यांनीही दगा दिला. अमरावतीचा मुलगा न्यायला आला. घंटीची दोरी त्यांनी बंडूच्या हातात दिली तेव्हा सुखदेव म्हणाला, "आता याच्या घंटीवर?" आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

जायच्या दिवशी सकाळी मुलाची गाडी काठावर उभी होती. मी शाळेत जाता जाता थांबले. गुलाबभाऊ निंबाखालून आले, छातीशी एक गाठोडं धरून, मुलाच्या आधाराने. कमरेला ट्यूब होती. डोंग्यात चढले आणि नेहमीच्या जागी घंटीजवळ न बसता समोरच्या फळीवर बसले.

बंडू संकोचून म्हणाला, "भाऊ, तुमाले तिकीट नाई लागत. तुमी स्टाफ."

"स्टाफ रिटायर झाला," गुलाबभाऊ म्हणाले. "पॅशिंजर हावो मी."

त्यांनी गाठोडं सोडलं. आत कौसाकाकूंचा पाटा होता. खोलगट भागात मिरचीचा लालसर डाग अजून होता, धुऊनही न गेलेला. बंडूने दोन टोले मारले.

मीही त्या दिवशी गेले, माझ्याकडे दगड नव्हता तरी. बंडूने मला विचारलं नाही. गुलाबभाऊंनी कोणाला हात लावू दिला नाही, गुडघ्यांवर बसून पाटा त्या राखीव जागेत सरकवला, आजूबाजूने वाळू दाबली, हाताने पुसला. बंडू रंगाचा डबा घेऊन उभा होता, पण त्याचा हात होईना. गुलाबभाऊंनीच ब्रश घेतला आणि कोपऱ्यात, अगदी कडेला, एक बारीक ठिपका दिला. "हालनार नाई म्हने," ते स्वतःशीच म्हणाले. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

डोंगा परत काठाला लागला. सगळे उतरले. मुलाने गाडीचं दार उघडून धरलं होतं. बंडू शिकवल्याप्रमाणे शेवटी उतरला, वाकून फळ्यांखाली बघितलं आणि रिकाम्या डोंग्यात मोठ्याने विचारलं, "काही राह्यलं काय कोणाचं?"

गुलाबभाऊ गाडीत बसता बसता थांबले. बेटाकडे वळले.

"हो," ते म्हणाले. "राह्यलं. राहू दे तिथंच."

मग खिशातला पंच त्यांनी एकदा दाबला आणि गाडीत बसले.